वाचकांचे प्रश्न : थर्माकोलचे साचे आणि मोठी खिडकी

प्रश्न : लातूरजवळ आयसीएफ पद्धतीने, म्हणजे थर्माकोलच्या पोकळ ब्लॉकमध्ये सळई बांधून काँक्रीट भरून, घर बांधतो आहोत. हॉलला पश्चिमेकडे 12 फूट रुंद, 7 फूट उंच खिडकी हवी. जमेल का?

बांधायला जमेल. राहायला कसं वाटेल, ते पश्चिम ठरवेल. दोन्ही बाजूंना 65 मिमी थर्माकोल आणि मध्ये 150 मिमी काँक्रीट असलेली भिंत उष्णता फार कमी आत सोडते. साधी एकेरी काच त्याच्या वीसपटीहून जास्त. त्यात मे महिन्यातलं चार वाजताचं ऊन साध्या काचेतून थेट आत येतं. 84 चौरस फुटांच्या त्या एका खिडकीपायी साधारण एक टन एसी अडकून पडेल. भिंतीवर खर्च करून कमावलेलं तिथेच गेलं! वर छज्जा काढून उपयोग नाही, कारण सूर्य तेव्हा खाली आलेला असतो. आतले पडदेही उशिराचा उपाय, ऊन काच ओलांडून आलेलं असतं. शक्य असेल तर ही खिडकी उत्तरेला न्या. पश्चिमच हवी असेल तर बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा खोल व्हरांडा करा, आणि दुहेरी काचेत ऊन अडवणारी काच घ्या.

खिडकीचं माप ब्लॉक मागवण्याआधी पक्कं करा. नंतर मोठी करायची तर सळईसकट सहा इंच काँक्रीट कापावं लागतं. खिडकीच्या दोन्ही अंगांना, निदान घराच्या कोपऱ्याशी, 2 फूट अखंड भिंत ठेवा. कोपऱ्यातच काचेला काच भिडवायचा मोह टाळा. 12 फुटांच्या लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या बीमच्या) सळया आणि रिंगा इंजिनिअरकडूनच काढून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

काँक्रीट भरताना खिडकीची जागा मोकळी राहावी म्हणून भिंतीच्या पूर्ण जाडीची, म्हणजे 280 मिमी रुंद, लाकडी किंवा प्लायची चौकट बसवतात. ती तळाशी पूर्ण बंद करू नका. कडेला दोन पट्ट्या, मध्ये चार-पाच इंच फट. त्या फटीतूनच खिडकीखालची भिंत भरता येते आणि व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून दाबून बसवणारं यंत्र) घालता येतो. तळ बंद ठेवला तर खाली पोकळी राहते, आणि पावसाळ्यात पाणी तिथून आत येतं. चौकटीच्या वरच्या फळीखाली दर दीड-दोन फुटांवर टेकू द्या. ओल्या काँक्रीटच्या वजनाने ती अर्धा इंच जरी वाकली, तरी सरकत्या खिडकीचा ट्रॅक अडतो.

खिडकीच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार देऊन स्वतः चिकटणारी वॉटरप्रूफ पट्टी लावा. गरम डांबर किंवा सॉल्व्हंटचा प्रायमर नको, त्याने थर्माकोल विरघळतो.

प्रश्न : काँक्रीट भरताना साचा फुटतो असं ऐकलं. काय काळजी घ्यावी? (परभणी)

फुटतो तो घाईमुळे. चार फूट उंचीचं ओलं काँक्रीट तळाशी दर चौरस मीटरला सुमारे तीन टन दाब देतं. म्हणून एका जागी भरत न जाता घराभोवती फिरत तीन-चार फुटांचे थर घ्या आणि दोन थरांत तासभर जाऊ द्या. खडी 10-12 मिमीची, स्लम्प (ओलं काँक्रीट किती खाली बसतं, म्हणजे किती पातळ आहे, त्याचं माप) पाच-सहा इंच. घट्ट वाटलं की मजूर पाण्याची बादली ओततात. ते होऊ देऊ नका, त्याने ताकद उतरते, अ‍ॅडमिक्श्चर (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं रसायन) वापरा. व्हायब्रेटरची सुई एक इंचीच हवी. जाड सुई फोम (थर्माकोल) फुगवते. हिशोबासाठी : शंभर चौरस फूट भिंतीला अर्धा ब्रास (50 घनफूट) काँक्रीट लागतं. मेमध्ये पहाटेच सुरू करा. दोन फुटी प्लायचे तुकडे, स्क्रू आणि टेकू हाताशी ठेवा. फुगवटा दिसला की तिथलं भरणं थांबवून तो आवळायचा आणि पलीकडच्या भिंतीकडे जायचं.

प्रश्न : 1993 च्या भूकंपानंतर घरात धास्ती आहे. फोमची भिंत टिकेल का? (धाराशिव)

फोम भार घेतच नाही, तो काँक्रीट आणि सळई घेते. किल्लारी परिसरात 30 सप्टेंबर 1993 ला जीव गेले ते मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून. इथे भिंतीच्या उभ्या सळया प्लिंथ बीममधून (जोत्याच्या काँक्रीट पट्ट्यातून) वर आलेल्या असल्या पाहिजेत. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत खोदा. भिंत कितीही पक्की असली तरी माती फुगली-आकसली की ती तडकतेच.

फोम उन्हात पिवळा पडून भुसभुशीत होतो, त्यामुळे बाहेरचं जाळीवरचं प्लास्टर लांबवू नका. आतून जिप्सम बोर्ड किंवा प्लास्टर हवंच, ते आगीसाठी. वाळवीची फवारणी पायाच्या वेळीच करून घ्या. वाळवी फोम खात नाही, पण पोखरून वर चढते आणि बाहेरून दिसत नाही, म्हणून जमिनीलगत सहा इंच फोम काढून काँक्रीट उघडं ठेवतात, तपासायला जागा राहते.