गाठ दोन सेंटिमीटरची, मग यकृतात डाग कसे?

तुम्ही विचारलंय की स्वादुपिंडातली गाठ जेमतेम दोन सेंटिमीटरची असताना यकृतात डाग कुठून आले, हा कॅन्सर एवढ्या लवकर पसरतो तरी कसा. मी पॅथॉलॉजीत काम करते, या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली नेहमी बघते. माझं म्हणणं, इथे ‘लवकर’ या शब्दानेच घोळ होतो.

२०१० साली संशोधकांनी सात रुग्णांच्या गाठींतली म्युटेशन्स, म्हणजे जनुकांतले बिघाड, ताडून काळाचा हिशेब मांडला. पहिल्या बिघाडापासून खरी कॅन्सरपेशी जन्माला यायला कमीत कमी १० वर्षं, तिच्या वंशजांना दूर जाऊन वाढण्याची ताकद यायला आणखी कमीत कमी ५, आणि तिथून पुढे सरासरी २ वर्षांत मृत्यू. म्हणजे रोग जुनाच असतो, कळतो शेवटी. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ पित्तनलिका दाबून कावीळ तरी करते. शेपटाकडची बराच काळ मुकी राहते.

मात्र २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात उलटंच काही दिसलं. गाठ म्हणावी असं काही तयार होण्याआधीच स्वादुपिंडातल्या काही पेशी रक्तात आणि यकृतात पोचल्या होत्या! एरवी या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना घट्ट चिकटून असतात. ही पकड सुटली की त्या लांबट होतात आणि सरपटू लागतात.

मग खरं कुठलं? मला तरी यात भांडण दिसत नाही. घर सोडणं वेगळं, परक्या जागी रुजणं वेगळं. रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी वाटेतच मरतात.

आता यकृतच का? स्वादुपिंडाचं रक्त पोर्टल व्हेनमधून थेट यकृतात जातं, आणि तिथल्या अरुंद केशवाहिन्यांत पेशी अडकतात. पण नुसत्या नळजोडणीने सगळं उलगडत नाही. स्टीफन पॅजेट या इंग्लिश शल्यचिकित्सकाने १८८९ मध्येच म्हटलं होतं की बी कुठेही पडलं तरी मानवणाऱ्या मातीतच उगवतं. स्वादुपिंडाच्या बाबतीत तर हे बी आधी मातीची मशागत करून घेतं. गाठीतून एक्सोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पुड्या रक्तात सुटतात. २०१५ मध्ये उंदरांत दिसलं की यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या राखणदारच, त्या गिळतात आणि टीजीएफ-बीटा नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडू लागतात. त्यावर शेजारच्या स्टेलेट पेशी, म्हणजे यकृतातल्या तंतू बनवणाऱ्या पेशी, फायब्रोनेक्टिन या चिकट प्रथिनाचं जाळं विणतात, त्यात अस्थिमज्जेतून आलेल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी अडकून मुक्काम करतात. कॅन्सरपेशी यायच्या आधीच अंथरूण घातलेलं!

फुफ्फुसं आणि पोटाच्या पोकळीचं आतलं अस्तर ही पुढची ठिकाणं. आणखी एक वाट स्कॅनवर सहज दिसत नाही, आम्हाला कापात मात्र जवळजवळ दर वेळी भेटते: मज्जातंतूंच्या आवरणाला बिलगून पुढे सरकलेल्या पेशी. पाठीत कळ येते ती बरेचदा यामुळे.

‘पसरण्याचं जनुक’ म्हणावं असं एखादं शोधायला जाल तर हाती लागणार नाही. केरास जनुकातला बिघाड नव्वद टक्क्यांहून जास्त गाठींत असतो, पण तो मूळ गाठीत आणि यकृतातल्या गाठीत सारखाच. एसमॅड४ हे गाठीला आवर घालणारं जनुक निकामी झालेल्या गाठी जास्त दूरवर पसरलेल्या आढळतात, एवढं म्हणता येतं.

यकृतात गेलेल्या या पेशी काचपट्टीवर स्वादुपिंडातल्या नलिकांसारख्याच वेड्यावाकड्या ग्रंथी मांडून बसलेल्या दिसतात. म्हणून रिपोर्टात ‘यकृताचा कॅन्सर’ असं लिहीत नाहीत, आणि औषधंही स्वादुपिंडाच्या कॅन्सरचीच देतात. आणि हो, यकृतातला प्रत्येक डाग कॅन्सरचाच असेल असं नाही. साधी पाण्याची गाठ किंवा रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंताही स्कॅनवर डाग म्हणून दिसतो. शंका असेल तिथे सुईने तुकडा काढून बघतात, त्याआधी मी तरी काही ठरवत नाही.