पाहुण्या प्रशिक्षकांचे मानधन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमचा मार्शल आर्ट्सचा छोटा क्लब आहे. नियमित सभासद 25 च्या आसपास असून आयकिदो हा आमचा मुख्य विषय आहे. गेल्या वर्षी आम्ही एका ज्येष्ठ प्रशिक्षकांना दोन दिवसांच्या शिबिरासाठी बोलावले होते. पैशांविषयी आधी काहीच बोलणे झाले नव्हते. शेवटी जमलेल्या शुल्कातून जागेचे भाडे वजा केले आणि उरलेली रक्कम पाकिटात घालून त्यांना दिली. त्यांनी ती काही न बोलता स्वीकारली, परंतु यंदा पुन्हा विचारले तेव्हा सवड नसल्याचे कळवले. आता समितीत दोन मते आहेत. काहींना वाटते की विद्येचा असा भाव ठरवणे बरे दिसत नाही; इतरांच्या मते मानधन आधी ठरवलेच पाहिजे. पण मग तोटा झाला, तर तो कोणी सोसायचा? – क्लबचे सचिव

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो. तोटा क्लबने सोसायचा. शिबिराची तारीख क्लबने ठरवली, जागा क्लबने घेतली, लोकांना क्लबने कळवले आणि शुल्कही क्लबनेच ठरवले. यांपैकी एकाही निर्णयात ज्यांचा हात नव्हता, त्या पाहुण्यांच्या माथी कमी उपस्थितीचा भुर्दंड मारणे न्यायाचे नाही. गेल्या वर्षी आपल्याकडे नेमके हेच झाले. जागेच्या मालकाला भाडे पूर्ण मिळाले आणि ज्यांच्यासाठी लोक आले, त्यांच्या वाट्याला शिल्लक आली. ते यंदा का येत नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मात्र त्यांना पत्र लिहून यंदाची रक्कम स्पष्टपणे कळवावी आणि मग पुन्हा विचारावे, असे मला मनापासून वाटते.

विद्येचा भाव ठरवू नये असे म्हणणाऱ्या सभासदांचा हेतू चांगला आहे, पण ज्या परंपरेचा ते आधार घेतात तिचा इतिहास वेगळे सांगतो. आयकिदो ज्यातून पुढे घडले त्या दाइतो-र्यू आयकिजुजुत्सू या जपानी युद्धकलेचे ताकेदा सोकाकू हे गावोगाव फिरून शिबिरे घेणारे प्रशिक्षक होते आणि कोण शिकले, कोणी किती शुल्क दिले, याच्या नोंदवह्या ते काळजीपूर्वक ठेवत असत. आयकिदोचे संस्थापक उएशिबा मोरिहेई यांची 1915 मध्ये होक्काइदो बेटावर त्यांच्याशी भेट झाली आणि त्यांच्याकडून उएशिबा जे शिकले, ते पैसे मोजून शिकले. दुसरीकडे, ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये तोक्योतील एका मंदिराच्या आवारात, 12 तातामींच्या (जपानी चटयांच्या) जागेत कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा सुरुवातीचा बराचसा खर्च ते स्वतःच्या नोकरीच्या उत्पन्नातून भागवत होते. तेथील शिक्षणालाही खर्च होताच, फरक एवढाच की तो शिक्षकाच्या खिशातून होत होता. जो प्रशिक्षक विनामूल्य शिकवतो, तो तो खर्च स्वतःच्या वेळेतून आणि शरीरातून भरत असतो. तसे करणे हा त्याचा अधिकार आहे. त्याने तसे करावे अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार यजमानांना नाही.

आता हिशेब. प्रथम सर्व निश्चित खर्च लिहून काढावेत: मानधन, येण्याजाण्याचा प्रवास, राहणे, जेवण आणि जागेचे भाडे. पाहुण्यांसोबत सहायक येणार असेल, तर त्याचा प्रवास आणि राहणेही यातच धरावे. हे बहुतेक क्लब विसरतात. आयकिदोत किंवा ज्युदोत प्रात्यक्षिकासाठी दिवसभर फेकून घेणारा उके हा शिकवण्याचा अर्धा भाग असतो आणि तो स्वखर्चाने येईल असे गृहीत धरणे योग्य नव्हे. या एकूण खर्चाला अपेक्षित उपस्थितीने भागू नये. तिच्या दोन-तृतीयांश संख्येने भागावे. 30 जण येतील असे वाटत असेल, तर शुल्क असे ठेवावे की 20 जणांतच खर्च निघेल. 30 जण आले, तर खर्चाच्या दीडपट रक्कम जमा होईल. ती वरची रक्कम क्लबच्या चालू खात्यात मिसळू न देता पुढील पाहुण्यांसाठी वेगळी ठेवावी. दोन-तीन शिबिरे नीट पार पडली की हा निधी इतका होतो की एखादे वर्ष फसले, तरी कोणापुढे ओशाळे व्हावे लागत नाही.

पहिल्याच वर्षी असा निधी नसतो, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी सभासदांकडून शुल्क आधी घ्यावे आणि जाहीर करण्यापूर्वीच किमान नावे मिळाली आहेत का ते पाहावे. नावे मिळत नसतील, तर दोन दिवसांऐवजी एक दिवस बोलवावे, किंवा शेजारच्या क्लबला सोबत घेऊन खर्च वाटून घ्यावा. मानधन कमी करून दोन दिवस भरून काढण्यापेक्षा ते पूर्ण देऊन एक दिवस चांगला घेणे केव्हाही श्रेयस्कर.

मानधन किती असावे याचा एकच आकडा सांगता येत नाही, पण ते ठरवताना काय मोजायचे हे सांगता येते. मॅटवरचे तास हा त्याचा केवळ एक भाग असतो. दोन दिवसांच्या शिबिरासाठी पाहुणे आदल्या दिवशी घरून निघतात, परतल्यावर त्यांना विश्रांती लागते आणि त्या काळात त्यांचे स्वतःचे वर्ग बंद राहतात किंवा दुसऱ्या कोणाला पैसे देऊन चालवावे लागतात. म्हणून तासांवर हिशेब न करता शिबिरासाठी ते जितके दिवस घराबाहेर राहतात, त्या दिवसांवर करावा. जमा शुल्कातील हिस्सा द्यायचाच असेल, तर तो ठरलेल्या किमान रकमेच्या वर द्यावा, तिच्या ऐवजी नव्हे. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. समान दर्जाच्या आणि समान अनुभवाच्या स्त्री प्रशिक्षकांना, त्या मागत नाहीत म्हणून, कमी रक्कम देण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. क्लबचा दर लेखी ठरलेला असला, की असे करण्याला वाव राहत नाही.

निमंत्रणाच्या पत्रातच रक्कम, ती कधी व कशी दिली जाईल, प्रवास कोण ठरवणार, शिबिर रद्द झाल्यास काय, हे सारे लिहावे. क्लबने रद्द केल्यास झालेला प्रवासखर्च आणि मानधनाचा ठरलेला भाग क्लबने द्यावा. पाहुणे आजारी पडले, तर मानधन नाही, पण पुढची तारीख मात्र द्यावी. चित्रीकरणाची परवानगीही तेव्हाच मागावी. क्लबचा विमा बाहेरच्या प्रशिक्षकाने घेतलेल्या वर्गाला लागू होतो का, ते विमा कंपनीला आधीच विचारावे. पाहुणे परदेशातून येणार असतील, तर पर्यटक व्हिसावर मोबदला घेऊन शिकवणे बऱ्याच देशांत चालत नाही, हे ध्यानात ठेवून त्या देशाचे नियम पाहावेत.

बेल्ट किंवा डान (ब्लॅक बेल्टपासूनच्या श्रेणी) परीक्षेचे शुल्क मात्र या हिशेबात मुळीच आणू नये. पाहुण्यांचे मानधन परीक्षेच्या शुल्कातून भागू लागले, की जितके अधिक लोक परीक्षेला बसतील आणि उत्तीर्ण होतील तितके सर्वांना सोयीचे होते. मग परीक्षक कितीही सरळ असला, तरी त्याच्या निकालावर संशयाची सावली पडते.

प्रश्न : आमचे मुख्य प्रशिक्षक अनेक वर्षे एक पैसाही न घेता आठवड्यातून तीन दिवस शिकवतात. पाहुण्यांना दोन दिवसांसाठी चांगले मानधन दिले, तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण काही पालकांनी हा त्यांचा अपमान आहे असे म्हटले. आता पाहुणे बोलवायचेच बंद करावे का? – कराटे क्लबच्या खजिनदार

उत्तर : पाहुणे बोलवणे बंद करू नये. पालकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यावरचा उपाय पाहुण्यांचे मानधन थांबवणे हा नाही. मुख्य प्रशिक्षकांच्या श्रमांना क्लबने आजवर हिशेबात धरलेलेच नाही, ही खरी अडचण आहे. समितीने त्यांना थेट विचारावे आणि विचारताना अनेक लोक हजर नसावेत, कारण सर्वांसमोर विचारल्यावर बहुतेक प्रशिक्षक संकोचाने नकोच म्हणतात. त्यांना रक्कम नको असेल, तर त्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षणाचा, बाहेरच्या शिबिरांचा, प्रथमोपचाराच्या अभ्यासक्रमाचा आणि विम्याचा खर्च क्लबने उचलावा. इतरांना शिकवता शिकवता ज्यांचे स्वतःचे शिकणे मागे पडते, त्यांच्यासाठी याहून उपयोगी काही मला सुचत नाही.

पाहुणे कोण असावेत, ही निवडही मुख्य प्रशिक्षकांवर सोपवावी. शिबिराच्या वेळी त्यांना दारावर शुल्क गोळा करायला बसवू नये. त्या दोन दिवसांत त्यांना मॅटवर शिकणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू द्यावे. वार्षिक हिशेबात ‘विनामूल्य प्रशिक्षण’ अशी नोंद तासांसह ठेवावी. उद्या त्यांना थांबावेसे वाटले, तर त्यांच्या जागी येणाऱ्यासाठी किती तरतूद लागेल, हे त्या नोंदीवरूनच सभासदांना कळेल. अन्यथा मासिक वर्गणी एकदम वाढवण्याची वेळ येते आणि निम्मे लोक सोडून जातात.

प्रश्न : मला अधूनमधून इतर क्लब शिकवायला बोलावतात. पैशांचे बोलायला जड जाते. मित्राच्या क्लबकडून घ्यावे का? – एक प्रशिक्षक

उत्तर : निमंत्रण आले की तारखेसोबतच आपली रक्कम आणि प्रवासाची अपेक्षा दोन ओळींत लिहून पाठवावी. त्यासाठी एक ठरावीक मजकूर तयार ठेवल्यास प्रत्येक वेळी शब्द शोधावे लागत नाहीत. मित्राच्या क्लबला सवलत द्यायची असेल, तर पूर्ण रक्कम सांगून मग ती किती कमी करत आहात ते लिहावे. म्हणजे पुढच्या पाहुण्यांना बोलावताना त्या क्लबसमोर चुकीचा आकडा राहणार नाही. दोन्ही क्लबांनी एकमेकांकडे शिकवण्याचा करार असेल, तर मानधन सोडता येते, प्रवासखर्च मात्र ज्याचा त्याला द्यावा, कारण एकाचा रस्ता दुसऱ्यापेक्षा लांबचा असू शकतो किंवा परतीची भेट वर्षभर लांबू शकते. मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी आणि तिची नोंद आपल्या उत्पन्नात करावी.