'नों' म्हणजे नाव नव्हे

प्रश्न : ताई, मी ५९ वर्षांची. पोस्टाच्या काउंटरवरून गेल्या वर्षी निवृत्त झाले. लेक-जावई फ्रान्सला, लियोंमध्ये असतात. चार वर्षांचा नातू आईशी मराठी बोलतो, पण खेळायला लागला की तोंडातून फ्रेंचच येतं. म्हणून मी क्लास लावला. सर म्हणतात, डिसेंबरात फ्रेंचची 'डेल्फ ए-वन' ही परीक्षा द्या. जावई म्हणतात, एकदम ए-टूच द्या. क्रियापदांचे तक्ते मला घडाघडा येतात, पण ऐकायचा सराव सुरू झाला की एक अक्षर कळत नाही. वर्गातली सगळी मुलं विशीतली, विचारायची लाज वाटते. काय करू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी जावयांचं बघू. डेल्फच्या पायऱ्या (सोप्याकडून अवघडाकडे ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू) स्वतंत्र आहेत, ए-वन न देता ए-टूला बसता येतं. पण ए-टूला किमान साठ-साठ शब्दांचे दोन मजकूर लिहायचे असतात आणि त्यातल्या एकात सहसा घडून गेलेली गोष्ट सांगायची असते, म्हणजे भूतकाळ हाताशी हवा. तुम्ही ए-वनच द्या. नातवाला भेटायला जायच्या व्हिसासाठी यातलं काहीच लागत नाही, तेव्हा घाई फक्त जावयांना आहे.

ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चार भागांना प्रत्येकी २५ गुण. शंभरात ५० मिळाले की पास, पण एकाही भागात ५ च्या खाली घसरायचं नाही. वाचनात २३ मिळाले म्हणून ऐकण्यातले ४ झाकले जात नाहीत. तक्तेवाल्यांचा घात होतो तो इथे.

ऐकण्याचा भाग सुमारे वीस मिनिटांचा आणि प्रत्येक संवाद दोनदा ऐकवतात. असतं काय त्यात? स्टेशनवरची घोषणा, फोनवर ठेवलेला निरोप, दुकानातली किंमत. पहिल्यांदा ऐकताना निम्मं निसटलं तरी चालतं, आकडा निसटता कामा नये. आणि फ्रेंच आकडे महाबिलंदर. ७२ म्हणजे 'स्वासाँत-दूझ', साठ-बारा. 'स्वासाँत' कानावर पडलं की आपला हात ६ लिहून मोकळा होतो, मग मागून 'दूझ' येतं आणि खाडाखोड सुरू. ८० म्हणजे 'कात्र-व्हँ', चार विसा. माझी आजी आंबे असेच मोजायची, 'चार विसा नि वर पाच', त्यामुळे मला ते पहिल्याच दिवशी पटलं. मुलं वर्गात कुरकुरतात तेव्हा मी म्हणते, एकोणसाठ आणि एकोणसत्तर म्हणणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या आकड्यांना हसू नये.

तर रोज संध्याकाळी लेकीला फोन लावा. तिने पाच फोन नंबर फ्रेंचमध्ये सांगायचे, नेहमीच्या वेगात. तिकडे नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात, तसेच. तुम्ही लिहायचे. नंबर झाले की गाड्यांच्या वेळा, त्याही चोवीस तासांच्या घड्याळातल्या. पुस्तक बंद. सहा आठवडे हे करा आणि मग मला पुन्हा लिहा.

तुम्हाला ऐकू येत नाही याचं दुसरं कारण, तुम्ही फ्रेंच डोळ्यांनी शिकताय. आपल्याला लिहिलेलं अक्षर उच्चारायची सवय, फ्रेंच मंडळी शेवटची अक्षरं खुशाल गिळतात. 'छोटा' या अर्थाचा त्यांचा शब्द शेवटी 'ट' असूनही कानाला 'पती' असा लागतो. (हा विनोद आमच्या घरी तीस वर्षं चालू आहे. ह्यांना अजून आवडलेला नाही.) एक स्वर मात्र देवनागरीत बसतच नाही : ओठ 'ऊ' म्हणायला काढायचे आणि आतून म्हणायचं 'ई'. आरशासमोर म्हणून बघा. 'वर' आणि 'खाली' या दोन फ्रेंच शब्दांत फरक आहे तो एवढ्याच स्वराचा, आणि चावी टेबलावर आहे की टेबलाखाली हे कळलेलं बरं.

लिहिण्यात पहिला प्रश्न फॉर्म भरण्याचा, १० गुणांचा. तीस वर्षं लोकांकडून फॉर्म भरून घेतलेल्या बाईने यात एकही गुण सोडू नये. पण एक खड्डा सांगते. फॉर्मवरचं 'नों' दिसतं आपल्या 'नाम'सारखं, म्हणून आपली माणसं तिथे बिनदिक्कत स्वतःचं नाव लिहितात. तिथे आडनाव हवं असतं. नाव लिहायचं 'प्रेनों'समोर. दुसरा प्रश्न किमान चाळीस शब्दांच्या मजकुराचा. मैत्रिणीला लिहिताना 'त्यु', अनोळखी माणसाला 'वू'. आपलं तू आणि तुम्हीच की! इंग्रजीतून फ्रेंचकडे गेलेली मुलं इथे गडबडतात, आपण मराठीतून जायचं.

बोलण्याआधी दहा मिनिटं तयारीला मिळतात, बोलणं पाच ते सात मिनिटांचं. स्वतःची ओळख, मग कार्डांवरचे शब्द वापरून परीक्षकाला प्रश्न, शेवटी छोटंसं नाटक, बहुधा खरेदीचं. मी पहिल्यांदा पॅरिसला गेले तेव्हा एका बेकरीत शिरून थेट म्हटलं, 'मला दोन पाव हवेत.' बाई म्हणाली, 'बोंझूर, मादाम', म्हणजे 'नमस्कार, बाई'. मी पुन्हा पाव मागितले. ती पुन्हा 'बोंझूर, मादाम.' तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला. मंडईत आपण 'अर्धा किलो वांगी द्या' म्हणतो, त्यात उद्धटपणा नसतो. तिकडे बोंझूरशिवाय व्यवहार सुरूच होत नाही, आणि 'झ व्ह' म्हणजे 'मला पाहिजे' ऐवजी 'झ वूद्रे', म्हणजे 'मला हवं होतं', म्हणायचं. परीक्षक हे बघतात, त्याला गुण असतात. कळलं नाही तर 'पुवे-वू रेपेते, सिल वू प्ले?' असं विचारून पुन्हा सांगायला लावा. वर्गातही हेच वाक्य वापरा. विशीतल्या मुलांनाही कळलेलं नसतं, ती फक्त मान डोलावतात.

प्रश्न : ए-वनचं प्रमाणपत्र किती वर्षं चालतं? पुढे फ्रान्समध्ये बी.एस्सी. करायचं आहे, तेव्हा उपयोगी पडेल का?
– एक विद्यार्थी, अकोला

उत्तर : डेल्फ आयुष्यभर चालतं. 'टीसीएफ' ही वेगळी परीक्षा आहे, तिचा निकाल दोन वर्षांपुरता. पण फ्रेंच माध्यमातून पदवी करायची तर बहुतेक ठिकाणी बी-टू मागतात. ए-वन दाखवून प्रवेश मिळणार नाही. बारावीत 'स्कोअरिंग' म्हणून घेतलेलं फ्रेंच यात धरू नका, त्या मार्कांच्या भरवशावर माझ्याकडे आलेली निम्मी मुलं पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू करतात.