मुलांचा टीबी: बेडका निगेटिव्ह आला तरी

मुलगी चार वर्षांची. तीन आठवडे ताप-खोकला, वजन वाढत नाही. बेडका निगेटिव्ह आला. म्हणजे टीबी नाही ना? (देवगड)

तसं धरून चालू नका. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात, आणि त्यात जंतूही मोजकेच असतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवर तपासतात. जोडीला छातीचा एक्स-रे आणि मांटू, म्हणजे हातावर सुई टोचून करायची टीबीची चाचणी. जंतू सापडले नाहीत आणि मांटू निगेटिव्ह आली तरी लक्षणं आणि एक्स-रे बघून बालरोगतज्ज्ञ औषध सुरू करू शकतात. जवळ नळीची सोय नसेल तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. अंगणवाडीतला वजनाचा तक्ता सोबत न्या, त्यातून फार कळतं. आणि घरात किंवा शेजारी कोणी मोठं माणूस खोकतंय का, ते आठवा. मुलाला टीबी बहुतेकदा मोठ्यांकडूनच येतो. सुट्टीला मुंबईहून येऊन राहिलेला काकाही त्यात आला. दोष द्यायला नव्हे, त्याचीही तपासणी व्हावी म्हणून.

नवऱ्याला फुफ्फुसाचा टीबी आहे. दोन वर्षांचा मुलगा ठणठणीत आहे. त्याला आजोळी पाठवू? (गुहागर)

आधी तपासून घ्या, संसर्ग झालेलाही असू शकतो. आजार नसेल तर वजनाप्रमाणे आयसोनियाझिड हे टीबी टाळणारं औषध, रोज, सहा महिने. वडिलांचा टीबी औषधाला दाद न देणारा असेल तर मात्र हे गणित बदलतं, ते डॉक्टरांना सांगा. बीसीजी लस मेंदूच्या टीबीपासून बरंच वाचवते, पूर्ण नाही.

औषध सुरू होऊन दहा दिवस झाले. मूल पेंगतं, उलट्या होतात. औषध बंद करू? (मालवण)

उद्यावर टाकू नका, आजच रुग्णालयात न्या. औषधाने लिव्हरला त्रास झाला असेल किंवा टीबी मेंदूच्या आवरणात गेला असेल. दोन्हींत वेळ महत्त्वाचा. औषधाचं तिथेच ठरेल. झटका आला, मान ताठली तर १०८ला फोन करा. पुढे गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला पाठवलं तर चिठ्ठीवर निक्षय क्रमांक (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक), वजन, डोस आणि औषध सुरू केल्याची तारीख हवी. एक्स-रेची फिल्म मागे ठेवू नका. मेंदूच्या टीबीचं औषध साधारण वर्षभर चालतं.

मासे बंद करायचे का? (राजापूर)

ताजे मासे जरूर द्या, अंडी-डाळही. पण आयसोनियाझिड चालू असताना शिळा किंवा नीट बर्फात न ठेवलेला बांगडा, कुपा नको. त्याने अंग लाल होतं, डोकं दुखतं, छाती धडधडते. टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये मुलांनाही मिळतात. बँकेत खातं नसेल तर आरोग्य केंद्रात विचारा.