धूर येत नाही, हेच महत्त्वाचं

प्रश्न : माझी डिझेल गाडी 24 वर्षांची आहे. दिवसा एका सेल्फमध्ये चालू होते, पण रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ येते. इंजिन जोरात फिरतं, पण सायलेन्सरमधून धूरही येत नाही. मेकॅनिक म्हणतात, डिझेलचा पंप उतरवून कामाला द्या. देऊ का?

उत्तर : एवढ्यात देऊ नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ‘धूरही येत नाही’. हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे प्लग, गेले असते तर सेल्फ मारताना पांढरा धूर आला असता. तो न पेटलेल्या डिझेलचा असतो. धूरच नाही, म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. बहुधा गाडी एअर घेतेय, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये कुठून तरी हवा शिरतेय. रात्रीतून लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंप नुसती हवा ओढत बसतो.

उद्या सेल्फ मारण्याआधी डिझेल फिल्टरवरचा हँड प्रायमर, म्हणजे हातानं दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचं बटण, कडक होईपर्यंत दाबा. त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर पंपाला हातही लावू देऊ नका.

मी ही चूक केलीय. पंप उतरवला, दुरुस्त करून बसवला, आणि पहिल्याच सकाळी पुन्हा तेच रडगाणं. शेवटी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप घातला. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक सरकताना दिसले. दोष होता प्रायमरच्या रबरात. बाहेरून कोरडं ठाक, पण बोटांनी वाकवल्यावर केसासारखी चीर उघडली. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. त्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. म्हणून चिरेतून डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. गळती दिसत नाही म्हणून पाइप चांगले आहेत असं समजू नका.

प्रायमर, फिल्टरचं सील, नोझलवरचे रिटर्नचे (उरलेलं डिझेल परत नेणारे) बारीक रबरी पाइप आणि टाकीजवळचा जोड, या क्रमानं बघा. रबर कडक झालं असेल तर क्लिपसकट बदला.

आणि कृपा करून एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका. हीटर प्लग तापलेले असताना तो भलत्या वेळी पेटतो. पिस्टन फुटू शकतो.