आज्जांची दुनळी, तिसरी बंदूक आणि बाकीची पत्रं

गेल्या अंकात बंदुकीच्या लायसनवर अर्धं पान काय छापलं, पत्रांचा नुसता ढीग पडलाय टेबलावर. खानापूर भागातनं सगळ्यात जास्त, आणि निम्म्या पत्रांत प्रश्न कमी नि राग जास्त. कर्नाटक सरकार मुद्दाम सीमाभागातल्या लोकांच्या मागं लागलंय असं तिघांनी तरी लिहिलंय. बाकी तक्रारी असतील, मलाही आहेत, पण ही त्यातली नव्हे. शस्त्र कायदा १९५९ चा, केंद्राचा, आणि २०१९ च्या डिसेंबरात तो कडक केला तोही दिल्लीत संसदेनं. डीसी ऑफिस (म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचं) तो राबवतं, एवढंच. शिव्या घालायच्याच असतील तर निदान पत्ता तरी बरोबर लिहूया.

आमच्या आज्जांची दुनळी आहे. आज्जा जाऊन सहा वर्षं झाली. लायसन त्यांच्याच नावावर होतं. बंदूक ट्रंकेत गुंडाळून ठेवलीय, वर्षातनं एकदा खंडेनवमीला काढून पुसतो, हळदकुंकू लावतो, परत ठेवतो. एक बार काढलेला नाही. आता गावात म्हणतात पोलीस धरतील. आम्ही काय दरोडेखोर आहे काय? (जांबोटी)

दरोडेखोर नाही, पण आज घडीला तुमच्या घरात विनालायसन बंदूक आहे, हे कडू वाटलं तरी ऐकून घ्या. लायसन बंदुकीला नसतं आणि घराण्यालाही नसतं, माणसाला असतं, त्यामुळं आज्जा गेले त्या दिवशी लायसनही गेलं. मग वारसांनी फार वेळ न लावता ती बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या बंदूक दुकानदाराकडं जमा करायची असते, कायद्यातलं २१ वं कलम. ते तुम्ही केलं नाही. आणि विनालायसन बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच, असं झालंय. आधी ती एक ते तीन होती.

आता घाबरून रात्री विहिरीत टाकू नका, असे सल्ले देणारे शहाणे प्रत्येक गावात असतात. आज्जांचं जुनं लायसनचं पुस्तक शोधा, मृत्यू दाखला घ्या, एखाद्या वकिलाकडनं अर्ज लिहून घ्या आणि त्याला सोबत घेऊन स्वतःहून जमा करा. जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. मग घरातल्या एकाच्या नावानं वारसा हक्कानं लायसन मागायचं, बाकीच्या वारसांनी आमची हरकत नाही असं लिहून द्यायचं. वय २१ पूर्ण पाहिजे, पोलीस चौकशी होणार, डॉक्टरचा दाखला लागणार. मिळेलच अशी हमी मी देत नाही. नाही मिळालं तर लायसन असलेल्या माणसाला किंवा दुकानदाराला ती विकता येते. पण ठाण्यात टाकून विसरलात तर मुदतीनंतर सरकारजमा होऊ शकते, तेही ध्यानात असू द्या.

माझ्या मामाचं असंच झालेलं. मामा गेल्यावर तीन वर्षं बंदूक कपाटावर, कुणाच्या डोक्यातच नाही, मग एक दिवस मामेभाऊ ती पोत्यात गुंडाळून बसनं घेऊन निघाला, बसनं! मी फोनवर ओरडले तेव्हा उतरला आणि आधी ठाण्यात फोन केला. तिथं अर्धा दिवस बसवून ठेवलं, इतके दिवस कुठं होती म्हणून चारदा विचारलं, शेवटी पावती दिली ती कन्नडात. ती वाचून घ्यायला शेजारच्या पोराला बोलवावं लागलं, पण त्या कागदामुळंच पुढचं सगळं सुरळीत झालं.

ज्यांचे आज्जा अजून हिंडते फिरते आहेत त्यांनी हे वाचा: लायसनदाराचं वय ७० झालं किंवा बंदूक त्याच्याकडं २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो जिवंतपणीच वारसाचं नाव देऊ शकतो. २०१६ च्या नियमांत सोय आहे. पण आज्जांसमोर हा विषय काढायचा कुणी, हे आमच्याकडचं खरं दुखणं.

ठासणीची बंदूक आहे, पूर्ण गंजलेली, घोडा पण हलत नाही. तिला कसलं लायसन? (नंदगड)

ठासणीच्या बंदुकीलाही लायसन लागतं. सूट आहे ती अगदी जुन्यापुराण्या किंवा निकामी हत्याराला, आणि तीही दुरुस्त करून सुद्धा बार निघणार नाही अशी अवस्था असेल तरच. तुमचा घोडा हलत नाही म्हणजे तेल घातल्यावर हलेल काय ते तुम्ही ठरवायचं नाही, तपासणीला द्या. भिंतीवर लटकवून पाहुण्यांना दाखवण्याआधी ती निकामी असल्याचा कागद पाहिजे.

आमच्याकडं तीन होत्या. एकनळी, दुनळी आणि वडिलांची रायफल. तिन्ही कायदेशीर, एक दिवस रिन्यूअल चुकवलं नाही. तरी तिसरी द्यायला लावली. ज्यांनी कायदा पाळला त्यांनाच दणका, गावठी कट्टेवाले मोकळे. हा कुठला न्याय? (निपाणी)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण यातलं निम्मं मला पटतं. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. २०१९ ला विधेयक आलं तेव्हा तर एकच ठेवायची असं होतं, त्यावर बरीच ओरड झाली आणि शेवटी दोनवर आलं. कायदा १४ डिसेंबर २०१९ ला लागू झाला, तिसरी जमा करायला एक वर्ष दिलं. वारसा हक्काची असली तरी दोनच्या वर नाही. रायफल क्लबचे नेमबाज आणि दुकानदार यांचा हिशोब वेगळा.

कट्टेवाले मोकळे हे मात्र कायद्याच्या कागदावर तरी खरं नाही, बेकायदा बंदूक बनवणं विकणं याला त्याच दुरुस्तीत सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवलीय. पकडले किती जातात हा तुमचा प्रश्न असेल तर तो योग्य प्रश्न आहे आणि तो पोलिसांना विचारायला पाहिजे. पण शिस्तीत रिन्यूअल करणाऱ्याचं नाव यादीत असतं म्हणून नोटीस त्याच्याच दारात येते, हा सल कुठल्याही कायद्यानं जाणार नाही. एक बरं झालं तेही सांगते, लायसनची मुदत तीन वर्षांवरनं पाच वर्षं झालीय, म्हणजे ऑफिसच्या पायऱ्या कमी. फक्त मुदत संपायच्या ६० दिवस आधी अर्ज टाका, शेवटच्या आठवड्यात पळू नका. आणि तुमच्या लायसनवर ऑनलाइन नोंदणीचा युनिक नंबर आहे का तो बघा, जुन्या पुस्तकांवर नसतो.

कूर्गवाल्यांना लायसनच लागत नाही म्हणे. एकाच राज्यात दोन नियम? (हलशी)

होय, खरं आहे. कोडगू म्हणजेच कूर्गमधले कोडव लोक आणि जम्मा (म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत) जमिनीचे धारक यांना इंग्रजांच्या काळापासनं सूट आहे. २०१९ ला केंद्रानं ती परत दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत वाढवली, आणि हायकोर्टात आव्हान दिलं गेलं तेव्हा २०२१ ला कोर्टानं सूट कायम ठेवली. त्यांचाही आपल्या खंडेनवमीसारखा हत्यारं पुजण्याचा सण आहे, कैलपोळ्द. तुम्ही म्हणाल आम्ही पण पुजतो. पुजता हो, पण पूजेवर सूट मिळत नाही. आणि पूजेवरनं आठवलं, बंदूक खांद्यावर घेऊन व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवणं बंद करा, विशेषतः जांबोटीच्या वरच्या पत्रासारखी परिस्थिती असेल तर.

डुकरांनी भात लोळवलं, ऊस फोडला. माझ्याकडं पीक राखणीचं लायसन आहे. डुक्कर मारलं तर फॉरेस्टवाले केस घालतात. मग लायसन दिलं कशाला? (कणकुंबीजवळचं गाव)

हा घोळ सगळ्यात जास्त लोकांचा आहे. बंदूक बाळगायची परवानगी शस्त्र कायद्यातली, जनावर मारायची परवानगी वन्यजीव कायद्यातली, ऑफिस वेगळं, साहेब वेगळा. एक आहे म्हणून दुसरी आपोआप येत नाही. रानडुक्कर १ एप्रिल २०२३ पासनं वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, पीक खात असेल तरी मारायला वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी पाहिजे. गवा तर पहिल्या परिशिष्टात, त्याचा विचारच सोडा. तुमच्याकडं भीमगड अभयारण्य लागून, त्यामुळं नजर जास्त कडक.

मला माहिताय तुम्ही काय म्हणणार, रात्री दोन वाजता कळप शिरल्यावर मी परवानगीचा कागद आणायला जाऊ काय. नाही. म्हणून नुकसान झालं की दुसऱ्याच दिवशी फोटो काढा, पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज टाका, आणि दरवेळी टाका, पैसे कमी मिळतात म्हणून सोडू नका, कारण परवानगी मागताना हेच कागद उपयोगी पडतात. आणि कणकेच्या गोळ्यातले ते डुक्करबॉम्ब कुणी ठेवत असेल तर त्याला थांबवा. तो स्फोटकांचा गुन्हा आहे, आणि गोळा डुक्करच खाईल असं कुठं लिहिलंय, गाय पण खाते.

इलेक्शन आलं की आमच्या बंदुका जमा. मी माजी सैनिक, बँकेत गार्ड आहे, माझी पोटापाण्याची बंदूक आहे. (बेळगाव तालुका)

मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात हा प्रश्न येणारच. सरसकट सगळ्यांनी जमा करा असं निवडणूक आयोगाचं म्हणणं नाही. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले, अशांची लायसनं छाननी समितीनं तपासायची असतात. बँकेच्या गार्डांना सहसा सूट मिळते, पण ती मागावी लागते. बँकेकडनं पत्र घ्या, अर्ज द्या, आचारसंहिता लागली त्याच आठवड्यात. मागच्या लोकसभेला आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली आणि निकाल ४ जूनला, म्हणजे अडीच महिन्यांवर, तेवढे दिवस बिनबंदुकीचा गार्ड कोण ठेवून घेणार. जमा करावीच लागली तर निकालानंतर आठवड्यानं परत मिळायला पाहिजे, पावती जपा.

लग्नात हवेत एक बार काढला तर? माणूस नाही मारला काय नाही. (नाव गाव नको)

दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फटाके आणा.

जावई शिकागोजवळ असतो, एच-वन-बी व्हिसावर. तिथं म्हणे बंदुकीचे कायदे कडक झाले म्हणून लोक चिडलेत आणि शेजारी सांगतात आत्ताच घेऊन ठेव. घेऊ दे काय? (शहापूर)

नको. तिथं कायदा राज्याराज्याचा वेगळा असतो. शिकागो ज्या राज्यात येतं त्या इलिनॉयमध्ये ४ जुलै २०२२ ला हायलँड पार्कच्या परेडमध्ये गोळीबार झाला, सात माणसं गेली, त्यानंतर १० जानेवारी २०२३ ला राज्यानं मिलिटरीसारख्या बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांच्या विक्रीवर बंदी आणली. आधीपासनं ज्यांच्याकडं होत्या त्यांनी १ जानेवारी २०२४ पर्यंत राज्य पोलिसांकडं नोंद करायची होती. बरेच मालक बिथरले, कोर्टात गेले, कित्येक शेरिफांनी (तिथले निवडून आलेले स्थानिक पोलीसप्रमुख) तर आम्ही हे राबवणार नाही असं जाहीर सांगितलं. आपल्याकडं एखादा इन्स्पेक्टर असं बोलला तर दुसऱ्या दिवशी बदली. तिथं बंदूक हा राज्यघटनेतला हक्क मानतात, १७९१ पासनं, आपल्याकडं ती सरकारनं दिलेली परवानगी आहे, त्यामुळं त्यांच्या रागाचा सूर वेगळा.

पण जावयाचा प्रश्न याच्या आधीच निकालात निघतो. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यानं बंदूक घ्यायला मनाई आहे, शिकारीचं लायसन वगैरे थोडे अपवाद सोडून, आणि शेजाऱ्यांना हे माहीत असायचं कारण नाही. त्यात चूक झाली तर व्हिसा, नोकरी, सगळंच धोक्यात.

घर राकसकोपला, काजूची बाग तुडयेत. बाग राखायला बंदूक नेतो, चालत अर्धा तास. कधी कुणी अडवलं नाही. (राकसकोप)

अडवलं नाही हे तुमचं नशीब. तुडये चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. आपल्याला ते एकाच गावचं दुसरं टोक वाटतं, बायका पाण्याला जाव्यात तसं आपण जातो येतो, पण लायसनला सीमा कळते. लायसनमध्ये ते कुठल्या हद्दीत चालतं त्याचा रकाना असतो, तिथं फक्त कर्नाटक असेल तर बांध ओलांडल्यावर तुमची बंदूक विनालायसन. चोर्ल्यातनं गोव्याकडं जाणाऱ्यांनाही हेच. हद्द वाढवून मिळते, ज्या ऑफिसनं लायसन दिलं तिथंच अर्ज करायचा, बागेचा सातबारा जोडायचा. सातबारा मराठीत असणार आणि ऑफिसात तो कन्नडात करून आणा म्हणतील, तेव्हा तो आधीच करून न्या, एक खेप वाचेल. तोवर बागेत कुत्रा बांधा आणि डबा वाजवा.