बगळा आधी तुम्हाला पाहतो

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ तीन रविवार जाऊन आलो. राखी बगळा दिसतो, पण कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत उडून जातो. माझ्याकडे ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे. मोठी घ्यावी का?
– एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : लेन्स राहू द्या, खताचं एक रिकामं पोतं घ्या. बसायला.

तुम्ही काठाकाठानं चालत जात असणार. तो एका जागी उभा असतो आणि त्याला दुसरं काम नसतं. तुम्हाला तो दिसला त्याच्या कितीतरी आधी त्यानं तुम्हाला पाहिलेलं असतं. म्हणून उजाडायच्या आत जागा धरा, पोतं टाका आणि चहाचा थर्मास उघडा. त्याला यायचं तर तो येतो. चारातल्या एका सकाळी येत नाही, हेही धरून चला.

मान खांद्यात आखडून बसलेला बगळा निवांत असतो. मान काठीसारखी ताठ झाली की तुम्ही जिथे असाल तिथे थांबा, नजरही दुसरीकडे वळवा. मग त्यानं गुडघे किंचित वाकवून शीट टाकली, तर समजा चालला. कॅमेरा खाली घ्या, निदान बघायला तरी मिळेल.

वारा पाठीवर घेऊन बसा. मीटरभर उंचीचा हा पक्षी (वजन मात्र दीडेक किलो) शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उठतो, म्हणजे तुमच्याकडे तोंड करून. मी हे शिकायच्या आधी माझ्याकडे बगळ्यांच्या शेपट्यांचा उत्तम संग्रह झाला होता. सूर्यही पाठीशी आला तर सोन्याहून पिवळं, पण दोन्ही जमत नसेल तर मी वारा निवडते.

होडीतून जात असाल तर अजून एक. पहिल्या वर्षी बगळा दिसला की मी नावाड्याला लगेच मशीन बंद करायला सांगायचे, आणि प्रत्येक वेळी पक्षी उडायचा. शेवटी नावाडी म्हणाला, “बाई, त्यो मशिनीला भीत न्हाय. मशीन गप झाली की भितो.” दिवसभर होड्यांची घरघर ऐकणाऱ्या पक्ष्याला एकदम पडलेली शांतता खटकते. तेव्हापासून आम्ही मशीन लांबच बंद करतो आणि पुढे बांबूनं रेटत जातो. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण हे काही मला सुचलं नव्हतं.

आता खरी मजा. मागच्या फेब्रुवारीत माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर एकानं तळहाताएवढी चिलापी मासळी धरली. चोच मारायच्या आधी तो सगळा पुढे झुकला आणि मान हळूच एका बाजूला कलली. बोट तेव्हाच दाबायचं, चोच पाण्यात गेल्यावर नाही. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या खाली नको. मासा मिळाला म्हणून कॅमेरा खाली ठेवू नका, खरा खेळ त्यानंतर असतो. चिलापीच्या पाठीवर काटे असतात, ती शेपटीकडून गिळली तर घशात अडकेल. म्हणून तो तिला चोचीत फिरवत राहिला, एकदा पाण्यात पाडून पुन्हा उचलली, आणि डोकं आत वळल्यावरच मान वर केली. गळ्यातून तो फुगवटा खाली सरकताना दिसत होता. मग दोन घोट पाणी प्यायला. एवढं सगळं ३०० च्या लेन्समध्ये मावतं.

प्रश्न : पांढऱ्या बगळ्याचे फोटो पिठाच्या गोळ्यासारखे येतात. पीस एकही दिसत नाही.
– निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : माझी दोन वर्षं यातच गेली. मागचं पाणी काळपट असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे; तो प्रकाश वाढवतो आणि बगळा जळतो, म्हणजे नुसता पांढराफटक येतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करायची सोय) उणे एकवर ठेवा, एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) पाहा, उजवीकडे टेकत असेल तर अजून खाली आणा. नऊनंतर कॅमेरा पिशवीत. तुम्हाला नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ आहे, सकाळी लवकर निघा.

आणि फोटोत पाय कापू नका. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे तेवढे हळदीत बुडवल्यासारखे पिवळे. तो एक पाय चिखलात थरथरवतो, लपलेले जीव हलले की टिपतो. मला उडत्या बगळ्यापेक्षा हा फोटो आवडतो.

प्रश्न : घरामागच्या चिंचेवर रातबगळ्यांची आणि गायबगळ्यांची घरटी आहेत. ड्रोननं पिल्लांचे फोटो काढता येतील का? वासामुळे शेजारी फांद्या तोडा म्हणतात.
– एक गृहिणी, संगमनेर

उत्तर : ड्रोन अजिबात नको. आईबाप घाबरून उठले की कावळा अंडी नेतो आणि कोवळी पिल्लं उन्हात पडतात. गच्चीच्या दाराआडून, पडदा ओढून, जे मिळेल ते घ्या. रातबगळ्याचा लाल डोळा तिन्हीसांजेला, तो चरायला निघतो तेव्हा टिपता येईल.

शेजाऱ्यांना सांगा, घरट्यांना हात लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच मोडतं. फांद्यांचा विषय पिल्लं उडून गेल्यावर काढा, आणि तोही नगरपालिकेची परवानगी घेऊनच. खाली पडलेलं पिल्लू दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, दूध-पोळी भरवू नका. धुणं मात्र दिवाळीपर्यंत दुसऱ्या बाजूला वाळत घाला.